सतरा खिळे

"झाला न्हवं ब्लाउज? आन हिकडं, म्या तशीच पुढं जाते. हॉलवर माणसं यायला लागलीत," सोनमची आई उंबऱ्यातूनच म्हणाली. तिच्या केसांत ताजा गजरा होता आणि हातात हारांची पिशवी.

माझ्या लेकीनं, बुद्धप्रियानं, चहाचा कप शिलाई मशीनवर ठेवला आणि वर दोरीकडं पाहिलं. आमच्या पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधलेली आहे. शिवायला आलेला प्रत्येक कपडा मापाच्या कपड्यासकट तिथं चिमट्यानं लटकत असतो. लाल चिमटा म्हणजे आज-उद्या द्यायचा, पिवळा म्हणजे या आठवड्यात, हिरवा म्हणजे सवडीनं. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग परत उलटी. रविवारची सकाळ, आठ वाजले होते. साडेबाराला सोनमचं लग्न.

"काकू," ती हळूच म्हणाली, "सोनमचा ब्लाउज... माझ्याकडं दिलावता?"

"आत्ता गं बया! पांढरा, जरीच्या काठाचा. पंधरा दिस झालं की! मस्करी करतीस व्हय सकाळ सकाळ?"

प्रिया मस्करी करत नव्हती. तिचा चेहरा मला पाठ आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात पिठाची चाळण घेऊन उभी होते आणि चाळण हलायची थांबली होती. कारण ब्लाउज कुठं आहे ते मला माहीत होतं. लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, पांढऱ्या पिशवीत. बुधवारी मीच तो तिथं ठेवला होता.

मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. बुधवार पेठेतली निम्मी माणसं मला अजून 'शालनबाई' म्हणून हाक मारतात. कुठल्या साली कुठला मुलगा कुठल्या बाकावर बसत होता ते मला आजही सांगता येतं. मी विसरत नाही, हा माझा अभिमान. आणि माझीच मुलगी रोज काहीतरी विसरून यायची. पाटी, डबा, एकदा तर एका पायातली चप्पल. तिसरीला ती माझ्याच वर्गात होती. लोक बोलायला नकोत म्हणून मी तिला इतरांपेक्षा दोन पट्ट्या जास्त मारायची.

तिची मुलगी पायल चौथीत असताना शाळेतून चिठ्ठी आली, की ही जागेवर बसत नाही, डॉक्टरांना दाखवा. जावई पुण्याला कंपनीत असतात, म्हणून मीच दोघींसोबत गेले. डॉक्टरबाईंनी पायलपुढं चित्रं ठेवली आणि प्रियाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वस्तू हरवतात का? वेळेचा अंदाज चुकतो का? एक काम हातात असताना दुसरंच सुरू होतं का? पाच-सहा प्रश्न झाल्यावर प्रिया म्हणाली, "बाई, ह्ये तर तुमी माझंच सांगताय की!"

त्याला एडीएचडी म्हणतात, हे मला सत्तरीनंतर कळलं. मेंदूची ठेवणच वेगळी असते, हा आळस नाही आणि वेडही नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. परत येताना रिक्षात प्रिया ओढणीत तोंड लपवून रडली. "बेचाळीस वर्षं मी सोताला शिव्या घातल्या, आई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या शिव्या तिला शिकवल्या कोणी, हे तिनं विचारलं नाही.

मग तिनं आपलं घर आपल्या डोक्यासारखं मांडलं. मोबाइलमध्ये गजर लावले, प्रत्येकाला नाव देऊन: डाळ बंद कर, पायलला आण, पाणी पी. डब्यांची झाकणं काढून टाकली, कारण झाकलेल्या डब्यातलं तिला आठवत नाही. पंचवीस मिनिटं शिलाई, पाच मिनिटं अंगणात फेऱ्या. आणि अकरा ते एक मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचं. "बोलू नको, मदत करू नको. नुसती बस. शेजारी कोण असलं की माझं हात चालत्यात," असं तिनं मला बजावलं होतं. मी शेंगा निवडत बसायची. दुपारनंतर त्याच खुर्चीवर पायल गृहपाठ घेऊन बसायची, आणि दोघी एकमेकींकडं न बघता आपापलं काम उरकायच्या. दोन वर्षांत तिचा एकही वायदा चुकला नव्हता. ज्या बायका पूर्वी तोंड फिरवून जायच्या, त्या लग्नाचे ब्लाउज टाकायला लागल्या. सोनमची आई त्यांतलीच.

सगळ्यात महत्त्वाची ती दोरी. "आई, जे डोळ्यांपुढं न्हाय, ते माझ्यासाठी जगातच न्हाय," असं तिनं मला दहादा सांगितलं होतं.

बुधवारी शिवम्माबाई येणार होत्या. आम्ही एकाच शाळेत वीस वर्षं काढली, आता त्या अक्कलकोटला मुलाकडं असतात. प्रिया दोरा-हुक आणायला बाजारात गेली होती. मी पुढच्या खोलीकडं पाहिलं. डोक्यावर लोंबणारे परकर, ब्लाउज, अर्धवट बाह्या. शालनबाईंच्या घरी असा पसारा! मी स्टुलावर चढले, सगळे कपडे उतरवले, दोरी सोडली आणि सगळं कपाटात नीट रचलं. शिवम्माबाई आल्या, चहा प्यायल्या आणि त्यांच्या कानडी हेलात गुडघ्यांबद्दल दोन तास बोलल्या. खोलीकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या गेल्यावर, प्रिया यायच्या आत, मी दोरी बांधून एकेक कपडा पुन्हा त्याच्या त्याच्या चिमट्याला लावला.

एक राहिला, डाग पडू नये म्हणून मी पिशवीत घातलेला. मी विसरले.

आणि आता सोनमची आई दारात उभी होती.

मी कपाट उघडलं, पिशवी काढली आणि "हितं हाय गं" म्हणून प्रियाच्या हातात दिली. आतलं कापड कात्रीसुद्धा न लागलेलं. प्रियानं कपाटाकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. "मीच ठेवलं असंल," ती म्हणाली. "मला काय आठवतंय व्हय."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी चाळणीकडं पाहत उभी राहिले.

"काकू, बसा. तीन तासांत देते. अस्तर तयारच हाय माझ्याकडं..." ती कात्री शोधू लागली. कात्री तिच्या हातातच होती.

"ऱ्हाऊ दे बाई." सोनमच्या आईनं पिशवीतला मापाचा तेवढा ब्लाउज ओढून घेतला. तिचे डोळे भरले होते, म्हणूनच तोंड सुटलं असावं. "लोकं म्हणत हुती, नागनाथ मास्तराच्या लेकीकडं देऊ नगं. बापाचं बी असंच हुतं. माजीच अक्कल शेण खायाला गेलती." कोरं कापड तसंच मशीनवर टाकून ती गेली.

लग्नाला मी एकटीच गेले. पांढऱ्या साडीत सोनम सुंदर दिसत होती. ब्लाउज तिच्या मावसबहिणीचा होता, फिका पिवळा, खांद्यावर ढगळ. मागून दोन पिना लावल्या होत्या. वंदना चालू असताना तिचा हात सारखा मागं पिनेकडं जात होता. मी जेवले नाही.

सोमवारी प्रियानं दोरी सोडून गुंडाळली. राहिलेले कपडे ज्यांचे त्यांना परत केले, तेही नावं न चुकता. मशीनवर, सोनमच्या कापडासकट, चादर टाकली. "चिंचोळीला एका कंपनीत बायका घेत्यात, पॅकिंगला," मला म्हणाली. "भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं. दुसऱ्यानं सांगितलं तेवढंच करायचं. बरं असतंय. बाबा बी तितंच गेलं हुतं की शेवटी."

मंगळवारी ती मशीनचा खण रिकामा करत होती. खालून पावडरीचा एक गंजका डबा निघाला. तिनं तो मांडीवर उलटा केला. खिळे होते. पायलनं मोजले. सतरा.

मी ते ओळखले.

माझे यजमान नागनाथ मंद्रूपचे, धंद्यानं टेलर, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणायचे. हात असा, की अंगावर नजर टाकून माप सांगायचे. याच खोलीत, याच मशीनवर शिवायचे. समोरच्या भिंतीवर त्यांनी खिळे ठोकले होते. एका गिऱ्हाइकाला एक खिळा. सकाळी मशीनवर बसण्याआधी ते भिंतीकडं असे बघायचे, जसे आम्ही फळ्याकडं बघतो. घरातलं बाकी सगळं विसरायचे. मला सिनेमाला नेतो म्हणून विसरायचे, प्रियाला शाळेतून आणायला विसरायचे. पण भिंतीवरचा कपडा कधी चुकला नाही.

सत्त्याऐंशी सालच्या भीमजयंतीला मी घर रंगवून घेतलं. माझ्या पगारातून लोखंडी कपाट आणलं, आणि रंगाऱ्याकडून भिंतीतले सगळे खिळे उपटून भोकं लांबी भरून बुजवून घेतली. पिस्ता रंग दिला. संध्याकाळी ते घरी आले आणि दारातच थांबले.

"खिळं कुटं गेलं, शालन?"

"आता कपाट आहे की. माणसांसारखं राहू या जरा."

दोनेक महिन्यांनी एकदा म्हणाले, "कपाट लावलं की कापडं झोपी जात्यात गं. मला हाक मारत न्हाईत." मी हसले. मग वायदे चुकू लागले. लोक दारात येऊन बोलू लागले, गल्लीत त्यांना 'येडा मास्तर' नाव पडलं, आणि मीही त्यांना लोकांसमोर बोलायची. कपाट आणलं तरी यांचं विसरणं जात नाही, असं मी शाळेत सांगायची. दीड वर्षानं ते चिंचोळीला एका कारखान्याच्या गेटवर राखणदार म्हणून लागले. मरेपर्यंत मशीनला हात लावला नाही. मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. मी समजत होते, दोष देण्यासारखं काही नव्हतंच.

रंगाऱ्यानं उपटलेले खिळे वाकडे झाले होते, ते मला आठवतं. डब्यातला एकेक खिळा ठोकून सरळ केलेला होता.

"प्रिया," मी म्हणाले, "ब्लाउज तू नाही ठेवलास कपाटात. मी ठेवला." आणि मग सगळं सांगितलं. शिवम्माबाई, स्टूल, दोरी. आणि पिस्ता रंगसुद्धा.

तिनं मांडीवरचे खिळे एकेक करून डब्यात परत टाकले.

"रविवारीच का न्हाय बोललीस? तिच्या आईपुढं?"

"लाज वाटली."

"तुझी लाज राखलीस. आन माझं नाव गेलं." आवाज चढवला नाही तिनं. "बाबांचं बी असंच गेलं, व्हय ना?"

"व्हय."

ती उठून आत गेली. पायल माझ्याकडं टक लावून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी सोनमच्या आईकडं जाऊन आले. ओट्यावर चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यापुढंच सांगितलं, की चूक माझी होती, लेकीची नव्हती. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. "आता सांगून काय उपेग, बाई," एवढंच म्हणाली.

दुपारी मी हातोडी काढली. पायल शाळेतून आली होती, तिनं स्टूल धरलं. अडतीस वर्षांत त्या भिंतीवर रंगाचे पाच थर चढलेत, पण बोटानं चाचपलं की बुजवलेलं भोक कळतं. तिथं किंचित खळगा असतो. एकेक सापडत गेलं. दोनदा हातोडी अंगठ्यावर बसली. "आजी, मी मारू?" पायल विचारत होती. "तू धर नुसतं," मी म्हणाले.

आवाज ऐकून प्रिया भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात आली. सोळावा खिळा झाल्यावर तिनं हात धुतले, मशीनवरची चादर ओढली, खालचं सोनमचं पांढरं कापड उचललं आणि दाराजवळच्या पहिल्या खिळ्याला अडकवलं.

"सोनम माहेरी यील तवा माप घिऊन देईन," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "घेतला तर घेतला."

मी स्टुलावरून उतरले. शेवटचं भोक खाली होतं, मशीनच्या बाजूला, बसल्या माणसाचा हात पुरेल इतक्या उंचीवर. मी तिथं जमिनीवर बसून खिळा ठोकला.

"ह्यो एवढा खाली कशाला? हितं काय टांगायचं?"

"काही नाही. काम करताना ते अंगातला शर्ट काढून इथं अडकवायचे."

प्रियानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि ते एकदा हळूच फिरवलं. मग पायानं माझी खुर्ची पुढं सरकवली. मी शेंगा निवडायचं सूप मांडीवर घेऊन बसले. त्या खिळ्यावर आजही काही टांगलेलं नाही.