रोझा म्हणवणारी रोडिका

मी रोडिकाचा हेडफोन बोलतोय. कानांवर दोन उशा आणि तोंडापुढे माइकची वाकडी दांडी, असं माझं रूप. कारखान्यातून माझ्यासारखे हजार एका दिवसात बाहेर पडले, पण ब्राइला गावच्या दुकानातून रोडिकाने मला उचललं आणि मी तिचा झालो. उशा फाटल्या तेव्हा तिने त्यांवर तपकिरी मखमल शिवली. शिवणकारखान्यात कॉलर बसवणारे हात ते. टाका शोधून सापडत नाही.

रविवारी जेवण आटोपलं की ती संगणकावर ट्रकचा खेळ खेळायची. वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी माणसांनी मिळून डोंगरातून माल पोचवायचा. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

तिथे ती सांगायची, ‘मी रोझा, इटलीची.’ इटलीत तिने सहा वर्षं एका आजारी म्हातारीची सेवा केली होती, त्यामुळे सूर जमायचा. एकदाच तिने आपला खरा देश, रोमानिया, सांगितला होता. तेव्हाच्या शिव्या मीच तिच्या कानात ओतल्या.

मार्चमधल्या एका रविवारी दोघे भेटले. एक हॉलंडचा योस्ट. दुसरा कोस्ताके, फेरीबोटीवरचा निवृत्त मेकॅनिक. आल्या आल्या म्हणाला, “नमस्कार मंडळी. मी रोमानियाचा, तुल्चा गावचा.”

“रोमानियाचा?” योस्ट हसला. “आपापली चाकं मोजून ठेवा रे!”

“मोजा की. पण आधी वळण सांभाळा,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

“रोझा, तुमच्या इटलीत ही मंडळी ढिगाने आहेत ना?”

रोडिकाचा श्वास अडकला. माझ्या दांडीवर तो थांबलेला मला कळला. मग ती हसून म्हणाली, “हो ना! बसमध्ये शिरले की आम्ही पर्स छातीशी धरतो.”

इटलीतल्या बेर्गामोच्या बसमध्ये तिला बघूनच बायका पर्स छातीशी धरायच्या. बहिणीला हे रडत सांगितलं होतं तिने, माझ्यातूनच.

पुढच्या चढावर तिचा ट्रक दरीकडे घसरला आणि ती आपल्या भाषेत किंचाळली, “अगं बाई, मेले!”

कोस्ताकेने आपला ट्रक मागे घेतला, दोर बांधला आणि तिला वर ओढलं. डाव संपल्यावर सगळ्यांचे आभार मानले आणि हळूच म्हणाला, “सरुत मुना, बाई.”

म्हणजे, तुमच्या हाताचं चुंबन घेतो. आमच्याकडे जुनी माणसं बायकांचा निरोप असाच घेतात.

“काय म्हणाला तो?” योस्टने विचारलं.

“काय की,” रोडिका म्हणाली. “मला ती भाषा येत नाही.”

तिचे कान इतके तापले की मखमल ओली झाली. तीन आठवडे मी खिळ्याला लटकत होतो. ती समोरून जायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

चौथ्या रविवारी तिने मला चढवलं आणि म्हाताऱ्याला गाठलं. “काका, मी रोझा नाही. मी…”

“ठाऊक आहे. ‘मेले’ म्हणालात तेव्हाच बोलीवरून कळलं, डॅन्यूब नदीकाठच्या तुम्ही.”

“मला माफ करा. पर्सचं मी…”

“बाई, मी दोन वर्षं ऑस्ट्रियाचा फ्रान्झ होतो. एके दिवशी खराखुरा ऑस्ट्रियन भेटला. माइक बिघडला असं सांगून पळालो!”

ती हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात योस्ट आला. “काय रोझा?”

“रोडिका. ब्राइलाची, रोमानियाची.”

“मग ते बसचं?”

“इटलीतल्या बायका पर्स धरायच्या, त्या मला बघून.”

योस्ट पुटपुटला, “मी नुसती थट्टा केली होती.”

“मी थट्टा नव्हती केली, मी लपले होते,” रोडिका म्हणाली.

आता माझा डावा कान बंद पडलाय, वायरीला पट्टी गुंडाळलीय. लवकरच ती मला टाकील आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही. माणसांनो, मला चाळणी नाही. तुमच्या तोंडून सुटलेलं मी जसंच्या तसं पलीकडे पोचवतो. मग तुम्ही मला काढून ठेवता, चहा टाकता. ज्याच्या कानात ते जातं त्याला मात्र ते काढून ठेवता येत नाही.