अमांडसचं वय

बायको लोविना ईस्टरच्या आधी वारली आणि तेव्हापासून योस्ट फेग्लीला जगात काय चाललंय ते कळेनासं झालं.

तो पिंपं बनवायचा. ओकच्या फळ्या तासायच्या, विस्तवावर वाकवायच्या, वरून लोखंडी कडी ठोकायची. त्यात त्याचा हात कुणी धरत नसे. पण वाचायचं काम लोविनाचं. दर शनिवारी रीडिंग शहराहून जर्मन वर्तमानपत्र यायचं आणि जेवण झालं की ती ते मोठ्याने वाचायची. वाचता वाचता मध्येच म्हणायची, "हे साफ खोटं," "हा माणूस बरा दिसतो," "यांना काय जातंय बोलायला." योस्ट ऐकायचा. मत द्यायला तो जायचा, कारण बायकांना मत नव्हतं. पण ते मत दोघांचं असायचं. आता वर्तमानपत्र यायचं आणि घडी न मोडता खिडकीत पडून राहायचं.

आणि नेमकं या उन्हाळ्यात अख्ख्या पेनसिल्वेनियाला एक प्रश्न विचारला होता. दक्षिणेच्या बंडखोरांशी लढायला गेलेल्या सैनिकाला त्याच्या छावणीतूनच मत देता यावं की नाही? ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी लोकांनी हो किंवा नाही सांगायचं होतं.

त्या मंगळवारी सकाळी योस्टने मक्याच्या पिठाच्या वड्या तळल्या. लोविनासारख्या खरपूस झाल्या नाहीत, काही मोडल्या. त्याचा मुलगा अमांडस समोर बसून डाव्या हाताने खात होता. उजव्या दंडाला गोळी लागली होती म्हणून त्याला महिनाभर घरी सोडलं होतं. दंड भरून आला होता आणि उद्या त्याला परत पलटणीत जायचं होतं.

"बाबा, आज काय टाकणार?"

"बघू."

"बघू काय? हो का नाही, एवढंच तर आहे."

"ग्रीनवॉल्ट म्हणतो, तुमचे कॅप्टन सांगतील तसंच तुम्ही सगळे टाकणार."

"आणि ग्रीनवॉल्टच्या खानावळीत तो फुकट पाजतो, मग लोक तो सांगेल तसं टाकतात, ते चालतं वाटतं?"

योस्टला हसू आलं. पण त्याची भीती वेगळीच होती. सगळे म्हणत होते की सैनिक मत देतील ते लढाई चालू ठेवायच्या बाजूने देतील. मग लढाई चालू राहील. आणि लढाईत अमांडस असेल. म्हणजे मुलाला मताचा हक्क द्यायचा तर मुलगाच जाणार. पण मुलाला नाही म्हणायचं, तेही तो उद्या निघणार असताना? लोविना असती तर दोन वाक्यांत सोडवून दिलं असतं.

"आणि बाबा, मी आज इथेच आहे, तर मीही टाकणार. एकवीस पूर्ण झाली मला."

योस्टचा हात तव्यावरच थांबला. "झाली?"

"पलटणीत तसंच लिहिलंय."

अमांडसने मान खाली घालून वडी मोडली. योस्टला आठवलं, हा तीन वर्षांपूर्वी सैन्यात नाव घालून आला तेव्हा लोविना दारात उभी राहून ओरडली होती, "खोटं बोललाय तो! कुठे झालाय अठराचा?" योस्टला तेव्हा वाटलं होतं, आईच ती, ओरडणारच. त्याने पुढे कधी विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?

मतदान ग्रीनवॉल्टच्या खानावळीतच होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीत पंच बसायचे आणि लोक बाहेरून, अंगणातून, घडी घातलेली चिठ्ठी आत द्यायचे. योस्ट आणि अमांडस पोहोचले तेव्हा अंगणात चाळीसेक माणसं होती आणि सगळी एकदम बोलत होती. बंडखोरांनी चेंबर्सबर्ग गाव जाळल्याची बातमी नुकतीच येऊन थडकली होती, त्यामुळे जो तो तापलेला.

"मी म्हणतो, मत द्यायचं तर गावात येऊन द्या! छावणीत कोण बघायला बसलंय, कोणी किती टाकली ते?"

"गावात कसा येईल? बंडखोरांना सांगेल का, थांबा हं, मी जरा मत देऊन येतो?"

"माझा भाचा आहे पलटणीत. त्याला वर्षभर साबण मिळाला नाही. मत कुठलं मिळतंय!"

"बंदूक हातात असलेल्याने मत देऊ नये. झालं."

"मग बंदूक तू घे, मत त्याला दे."

यावर सगळे हसले. ज्याला हे ऐकवलं तो लंगडा होता, तोही हसला. अमांडस तेवढा हसला नाही. त्याच्या निळ्या कोटाकडे बघून लोक त्याला वाट करून देत होते, पण त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

ग्रीनवॉल्टने योस्टच्या खांद्यावर हात टाकून त्याला विहिरीपाशी नेलं. तो या भागातला, लढाई थांबवा म्हणणाऱ्या पक्षाचा माणूस, आणि योस्ट पहिल्यापासून त्याच पक्षाला मत देत आलेला. ग्रीनवॉल्टने त्याच्या हातात 'नाही'ची चिठ्ठी ठेवली.

"योस्ट, एक विचारू? पोरगा खरंच एकवीसचा आहे?"

"का रे?"

"नसला तर तीन वर्षांपूर्वी अठराचाही नव्हता. म्हणजे खोटं वय सांगून गेला, तुझी परवानगी न घेता. माझा मेहुणा वकील आहे रीडिंगला. तो म्हणतो, बापाने सगळ्यांसमोर शपथेवर खरं वय सांगितलं तर असा पोरगा सोडवून आणता येतो." त्याने आवाज आणखी खाली आणला. "घरी, योस्ट. कायमचा."

"खरंच आणता येतो?"

"मेहुणा म्हणतो."

योस्टला ग्रीनवॉल्टचा मेहुणा माहीत होता. तो बरंच काही म्हणायचा. पण 'कायमचा' हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला तो बाहेर निघेना.

तेवढ्यात खिडकीपाशी गलका झाला. अमांडस चिठ्ठी घेऊन पुढे गेला होता आणि पंच श्टाइनर त्याला थांबवत होता.

"अमांडस, कर भरल्याशिवाय मत नाही. तू भरलेला नाहीस."

"मी व्हर्जिनियात होतो, श्टाइनरकाका. तिथे कर घ्यायला कुणी आलं नाही."

"चेष्टा नको. एकवीस पूर्ण झाल्यावर पहिलं वर्षभर कर न भरता मत देता येतं, ते मला ठाऊक आहे. पण वय शपथेवर सांगायला माणूस लागतो. योस्ट! कुठे आहे योस्ट?"

लोकांनी योस्टला पुढे ढकललं. श्टाइनरने खिडकीतून बायबल पुढे केलं.

"हात ठेव. तुझा मुलगा अमांडस एकवीस वर्षांचा झाला आहे का?"

योस्टने हात ठेवला नाही. "ओढ्याला पूर आला त्याच्यानंतर झाला तो," तो म्हणाला.

"कुठला पूर?"

"पुलाच्या फळ्या वाहून गेल्या तो."

"त्या दोनदा वाहून गेल्या," मागून कोणी म्हणालं.

"दोनदा नाही, दुसऱ्यांदा नुसता कठडा गेला."

"अरे, बापाला पोराचं वय ठाऊक नाही!"

"पिंपावर तारीख कोरतो, पोरावर कोरायला विसरला!"

मग अंगणात सगळेच अमांडसचं वय काढू लागले. कुणी म्हणालं तो आपल्या हेन्रीच्या बरोबरीचा. कुणी म्हणालं छे, हेन्री त्याला मारायचा, म्हणजे हेन्री मोठा. सैनिकांनी मत द्यावं की नाही यावर जेवढी मतं होती तेवढीच यावरही निघाली. आणि बहुतेक ज्यांना 'हो' म्हणायचं होतं त्यांना अमांडस एकवीसचा वाटत होता, बाकीच्यांना विसाचा.

लीआ ट्रेक्सलर खानावळीत अंडी पोचवायला आली होती. ती टोपली खाली ठेवून पुढे आली. तिचा मुलगा मे महिन्यात व्हर्जिनियाच्या जंगलातल्या लढाईत मारला गेला होता आणि तिला पुरायलाही काही मिळालं नव्हतं.

"शेपटीचा तारा निघाला होता ते वर्ष आठवतं का कुणाला?" ती म्हणाली. "भर दिवसा दिसायचा. त्या वर्षी मी लोविनाकडे गेले तर अमांडस तिच्या मांडीवर होता. मी डोळ्यांनी पाहिलंय. मोजा आता."

लोकांनी बोटांवर मोजलं. शेपटीच्या ताऱ्याचं वर्ष म्हणजे एकवीस वर्षं झालीच.

"बघ, योस्ट," श्टाइनर म्हणाला, "बाईमाणसाची शपथ मला इथे चालत नाही. पण तुला आठवलं ना आता? ठेव हात."

आणि योस्टला खरंच आठवलं. तारा आठवला. लोविना बाळाला खिडकीशी धरून उभी होती आणि बाळ ताऱ्याकडे न बघता तिच्या कानातल्या बाळीकडे बघत होतं. त्या बाळाचं नाव अमांडस होतं. ओटचं पीक कापायच्या दिवसांत ते तापाने गेलं. पुढच्या वसंतात पुन्हा मुलगा झाला आणि चर्चमध्ये त्याला तेच नाव दिलं. सगळेच देत. नाव फुकट जाऊ नये म्हणून देत, आजोबांचं नाव चालावं म्हणून देत. गावात पाळणे भरायचे, रिकामे व्हायचे, पुन्हा भरायचे. कोण किती लक्षात ठेवणार? त्याच्या स्वतःच्या मनात दोन्ही अमांडस कधीच मिसळून गेले होते. लोविनाच्या मनात नाही मिसळले.

म्हणजे समोर उभा होता तो विसाचा.

त्याने लीआकडे पाहिलं. ती डोळा न हलवता त्याच्याकडे बघत होती. ती विसरली होती, की तिला ठाऊक होतं? विहिरीपाशी ग्रीनवॉल्ट उभा होता. आणि खिडकीपाशी अमांडस, चिठ्ठी डाव्या मुठीत, कान लाल. लहानपणी मध चोरून खाल्ला की असेच व्हायचे.

हात ठेवून एकवीस म्हणावं, तर देवासमोर खोटं, आणि उद्या हा जाणार. वीस म्हणावं, तर खरं, पोरगा कदाचित कायमचा घरी, पण सगळ्या गावासमोर खोटारडा ठरून. योस्टने तोंड उघडलं. काय बाहेर पडणार हे त्यालाही माहीत नव्हतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"अरे, ती सांगतेय ना..."

"मला आठवत नाही, श्टाइनर. माझी बायको असती तर तिने सांगितलं असतं."

श्टाइनरने बायबल आत घेतलं. "मग नाही देता येणार, अमांडस. माफ कर, पोरा."

लीआने टोपली उचलली. "तीन वर्षं गोळ्या खायला वय पुरलं," ती मोठ्याने म्हणाली, "एक कागद टाकायला कमी पडलं. छान आहे तुमचं." आणि ती आत निघून गेली.

अमांडस वळला. बापाकडे न बघता निघाला असता, पण योस्टने त्याची मूठ धरली आणि बोटं उघडून चिठ्ठी काढून घेतली. ग्रीनवॉल्टने दिलेली चिठ्ठी त्याने खाली टाकली.

"माझं नाव लिही, श्टाइनर. योस्ट फेग्ली." आणि त्याने 'हो'ची चिठ्ठी आत दिली.

"योस्ट!" ग्रीनवॉल्ट ओरडला. "डोकं आहे का पिंप?"

योस्टलाही तेच कळत नव्हतं. पोराचं एक मत त्याने घालवलं होतं, ते भरून दिलं एवढंच त्याला समजत होतं. पण या चिठ्ठीने लढाई लांबली तर? तो विचार आता मनात आला, चिठ्ठी आत गेल्यावर.

घरी जाताना दोघं मक्याच्या शेताच्या कडेने चालले.

"तुम्हाला खरंच आठवलं नाही, बाबा?"

"आठवलं."

अमांडस थांबला.

"पहिला होता तो ताऱ्याच्या वर्षीचा," योस्ट म्हणाला. "तू नंतरचा."

"मला माहीत आहे. आईने सांगितलं होतं. त्याचं वर्ष घेऊन मी नाव घातलं." तो पायाने ढेकूळ फोडत राहिला. "कधी कधी तिकडे फार वाईट असतं ना, तेव्हा वाटतं, पलटणीत तर त्याचं वर्ष लिहिलंय. तो एकदा मेलेलाच आहे. आता आणखी काय होणार."

"असं बोलू नको."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

योस्टने विचारलं नव्हतं. "मी खरं सांगितलं असतं तर तुला घरी सोडलं असतं, असं ग्रीनवॉल्ट म्हणतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कळत नाही मला."

"रागावलो असतो मी," अमांडस म्हणाला. थोडं चालून पुढे म्हणाला, "बहुतेक. आणि थोडं बरंही वाटलं असतं." मग त्याने स्वतःच मान हलवली. "मलाही नाही कळत, बाबा."

कुंपणापाशी आल्यावर योस्टला राहवलं नाही. "बरं, एक सांग. कायदा झाला आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निवडायला तुला तिकडे मत मिळालं, तर कुणाला देणार? लढाई चालू ठेवणाऱ्याला, की थांबवणाऱ्याला?"

अमांडस कुंपणाच्या खांबाला टेकून विचार करत राहिला.

"ठरलं नाही अजून," तो शेवटी म्हणाला. "तंबूत आम्ही रोज भांडतो. एक दिवस वाटतं संपवून टाकावं हे सगळं. दुसऱ्या दिवशी वाटतं, मग जे गेले ते कशाला गेले."

योस्ट त्याच्याकडे बघतच राहिला. सैनिक काय करतील यावर सकाळपासून चाळीस माणसं घसा फोडत होती. ग्रीनवॉल्टला ठाऊक होतं, श्टाइनरला ठाऊक होतं, त्या लंगड्यालासुद्धा ठाऊक होतं.

"मला वाटलं तुला तरी माहीत असेल," तो म्हणाला.

"मला वाटलं तुम्हाला," अमांडस म्हणाला.

आणि दोघं तिथेच उभे राहिले. ऊन चढलं होतं, आत जाऊन स्वयंपाकाचं बघायला हवं होतं, उद्याची पिशवी भरायला हवी होती. पण आधी कशाला हात घालायचा ते दोघांनाही ठरवता येईना.