तीनशे एक नंबर

सेक्रेटरी दुकानात आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “मास्तरीणबाई, तुमचा पाय दोन दिवस आमच्याकडे द्या.”

मी कात्री खाली ठेवली. तीस वर्षं शिवणकाम करतेय. गिऱ्हाइकांनी माझ्याकडे काय काय मागितलं नाही! उद्याचा कोट आज मागितला, वाढलेल्या पोटावर जुनी पँट बसवून मागितली. पण पाय? पाय आजवर कुणी मागितला नव्हता.

माझा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी गुडघ्याखालून गेला. शाळेचे गणवेश पोचवायला सायकलवरून निघाले होते, मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं नाही. दीड वर्ष कुबड्यांवर काढलं. मग सहा महिन्यांपूर्वी या सेक्रेटरींच्या समितीच्या केंद्रातून कृत्रिम पाय मिळाला. समिती दर वर्षी सायकल फेरी काढते. तीनशे माणसं, चाळीस किलोमीटर. कालव्याच्या काठाने जायचं, सूर्यफुलांच्या शेतांमधून वर टेकडीपर्यंत, आणि परत शाळेच्या मैदानावर यायचं. त्यातून जमणाऱ्या देणग्यांवर केंद्रात पाय बनतात. काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? त्या फेरीचे पाठीवर लावायचे नंबर गेली नऊ वर्षं मीच शिवतेय.

पण फेरीनंतर स्टेजवर एक कार्यक्रम असतो. एक लाभार्थी कुबड्यांवर येतो, त्याला पाय देतात, तो रडतो, लोक हळहळतात. गेल्या वर्षीच्या माणसाला वेळेवर रडू येईना, तर हे सेक्रेटरी स्टेजखालून त्याला खुणा करत होते.

“अहो, पण मला पाय मिळून सहा महिने झाले,” मी म्हटलं.

“म्हणून तर मागतोय! आम्ही तो पुन्हा देऊ. तुम्ही सगळ्यांच्या ओळखीच्या. नंबर शिवणारी बाई स्वतः स्टेजवर आली की लोकांच्या काळजालाच हात घातल्यासारखं होईल. कुबड्या आहेत ना अजून घरात?”

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, कोपऱ्यात काज-बटण करत बसल्या होत्या. त्यांनी सुई थांबवली. “माझी कवळी पण काढून देऊ का? तीही स्टेजवर परत द्या. मला रडायला खूणसुद्धा लागणार नाही.”

सेक्रेटरी हसले नाहीत. मी म्हटलं, “मी येईन, साहेब. पण सायकल चालवत येईन. तीनशे माणसांबरोबर माझंही नाव लिहा.”

“लाभार्थी फेरीत नसतो बाई, लाभार्थी स्टेजवर असतो. तसा नियम आहे.” ते उठले आणि दारात थांबून, अगदी सहज आठवल्यासारखं, म्हणाले, “तुमचं सॉकेट सैल झालंय असं ऐकलं. नवं मिळायला समितीची सही लागते. विचार करा.”

सॉकेट म्हणजे पायाचा वरचा पोकळ भाग, ज्यात माझा खुंट बसतो. पहिल्या वर्षात खुंट बारीक होत जातो, मग सॉकेट ढिलं पडतं, आणि ते बदललं नाही तर पाय असून नसल्यासारखा. तेव्हा मी एकावर एक चार मोजे घालून भागवत होते. सही मिळाली नाही तर काही महिन्यांत पुन्हा कुबड्या, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकच तळपाय उरलाय, पण तो पुरला.

त्या दुपारी नंबर शिवायला घेतले. पिवळं कापड, काळे आकडे, कडेला दुहेरी मुडप. तीनशेची ऑर्डर होती, मी तीनशे एक शिवले. शेवटच्याला तर बाकीच्यांपेक्षा बारीक टीप मारली.

“वहिनी, डोकं फिरलंय का तुझं?” वन्सं म्हणाल्या. “सॉकेट गेलं तर?”

“जाऊ दे गेलं तर. मला त्या मैदानात कुणी धरून आणलेलं नकोय, वन्सं. मी चालवत शिरणार.”

“मग चाळीस किलोमीटर पडत-झडत जाणार का? उठ. आधी पेडलवर पाय ठरतोय का बघू.”

नव्हता ठरत. कृत्रिम पायाला घोटा वळवता येत नाही आणि पेडल कुठे आहे ते कळतही नाही. दर दहा फेऱ्यांना पाऊल घसरायचं आणि नडगीऐवजी प्लास्टिक आपटायचं. दुखत नव्हतं, पण आवाज असा व्हायचा की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर यायचा. शेवटी मी जुन्या दप्तराचा पट्टा कापला, पेडलवर बुटाच्या पुढच्या भागासारखी टोपी शिवली आणि पाऊल त्यात खुपसलं. बसलं! वन्सं मागे सीट धरून मैदानभर धावल्या. वय वर्षं बासष्ट, आणि धावताना मला शिव्या देत होत्या त्या वेगळ्याच.

फेरीच्या दिवशी सकाळी सहा वाजता सगळ्यांबरोबर उभी राहिले. पहिल्या वळणावर स्वयंसेवक पाठीवरचे नंबर बघून लोकांना पुढे सोडत होता. माझ्या पाठीकडे त्याने नजर टाकली. पिवळं कापड, काळा आकडा, सरळ टीप. “चला ताई, चला,” म्हणाला. तीनशेच्या पुढे नंबर नाहीत हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं.

सगळ्यात शेवटी, मागे राहिलेल्यांना उचलून नेणारा टेम्पो असतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्याला त्यात घालतात. त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी कोण बसलं होतं? वन्सं. पाण्याच्या बाटल्या वाटायला माणूस हवा म्हणून स्वतःच चढल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत माझे बारा मोजे आणि एक टॉवेल.

कालव्याचा रस्ता मजेत गेला. पाण्यावर ऊन पडलं होतं, बगळे उडत होते, आणि दोन वर्षांनी माझ्या तोंडावर माझ्याच वेगाचा वारा लागत होता. मी चक्क मोठ्यांदा ओरडले. मला आवरलंच नाही.

पण सॉकेटमध्ये घाम साठतो. दहा किलोमीटरवर पाय आत गरागरा फिरायला लागला. रस्त्याकडेच्या दगडावर बसले, पाय काढला, मोजे पिळले. एक बाई सायकल थांबवून माझ्याकडे डोळे भरून बघत राहिली. “केवढं हे धैर्य!” म्हणाली आणि फोन काढला.

“धैर्य राहू द्या,” मी म्हटलं. “पाय कोरडा करायचाय. हा धरा जरा.” आणि पाय तिच्या हातात दिला. बिचारीला फोन ठेवून द्यावा लागला.

मागे टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर घड्याळ बघत म्हणाला, “दहा मिनिटं झाली.”

“तुमचं घड्याळ पुढे आहे,” वन्सं म्हणाल्या आणि कोरडे मोजे घेऊन उतरल्या. पुढच्या तीनही थांब्यांवर ते घड्याळ पुढेच होतं.

टेकडीवर मात्र माझी परीक्षा झाली. खुंटाची कातडी सोलवटली होती. प्रत्येक पेडलला डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. चढ अर्धा राहिला असताना वरून एक गाडी आली आणि सेक्रेटरी उतरले. माझ्या पाठीवरचा नंबर वाचला, पुन्हा वाचला.

“हा कुठून आला?”

“माझ्या मशीनमधून.”

“बाई, सगळे केव्हाच पोचले. तुमच्यासाठी कार्यक्रम अडलाय. गाडीत बसा.”

“कार्यक्रम अडलाय ना? अडू दे. तो तुमचा आहे. हा चढ माझा आहे.”

आणि एका डाव्या पायाच्या जोरावर, रडत, हो, रडत, खोटं कशाला बोलू, मी तो चढ चढले. उतारावर डोळे पुसले. मैदानावर कुणी रडवलं असं दिसायला नको होतं.

मैदानात शिरले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. कमानीखालून एकटी गेले. मागून वन्संनी टेम्पोचा भोंगा दाबला आणि सोडलाच नाही. लोक वळून बघायला लागले, मग उभे राहिले. मी सायकल थेट स्टेजच्या पायऱ्यांशी नेली, तिथे टेकवली आणि वर चढले. स्टेजवर एक रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीला टेकून दोन कुबड्या. माझ्यासाठी आणून ठेवलेल्या!

माइकवरचा माणूस माझ्या दुःखाबद्दल सांगत सुटला होता. सेक्रेटरी माझ्याजवळ झुकले. हातात रिबीन बांधलेला एक लांब खोका होता. हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही तुमचा दिला नाहीत, म्हणून केंद्रातून दुसरा मागवलाय. नुसता हातात घ्या. एक फोटो, मग मोकळ्या. सॉकेटचा कागद माझ्या खिशात आहे, आत्ता इथेच सही करतो.” आणि खिशातून कागदाचं टोक वर काढून दाखवलं.

मी त्या टोकाकडे बघितलं. पाय ठणकत होता. मोज्यातून ओलं लागत होतं, आणि तो घाम नव्हता. एक फोटो. एका फोटोने काय बिघडणार होतं? माझा हात पुढे झाला. मी रिबीन सोडली.

आतला पाय बाहेर काढला, फिरवला, अंगठा बघितला आणि मला हसूच फुटलं. मी माइक ओढून घेतला.

“साहेब, हा डावा आहे.”

मी पाय उंच धरून सगळ्या मैदानाला दाखवला.

“माझा डावा आईच्या पोटातून आलाय, तो अजून शाबूत आहे. गेलाय तो उजवा. सहा महिने तुम्ही माझ्या दुकानात येताय, समोर बसताय. कुठला गेलाय तेवढं तरी बघायचं!”

सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला. पण माझं हसू तिथेच थांबलं, कारण मला एकदम सुचलं, डावा आहे म्हणजे कुणाचा तरी आहे. पाय मापाने बनतो, कपड्यासारखा. स्टेजखाली केंद्रात पाय बनवणारा कारागीर मान खाली घालून उभा होता. त्याला विचारलं, “हा कुणाच्या मापाचा?”

त्याने मान वर करून तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. तिथे एक गवंडी बसला होता, कुबड्या मांडीवर घेऊन. “तयार होऊन बारा दिवस झाले,” कारागीर म्हणाला. “कार्यक्रमासाठी ठेवून घ्या असं सांगितलं होतं.”

“मला तर स्क्रू यायचाय म्हणाले,” गवंडी म्हणाला.

बारा दिवस! मी दीड वर्ष कुबड्या वापरल्यात. काखेत घट्टे पडतात, हातात कप धरून चालता येत नाही, दारावर थाप पडली तर उठेपर्यंत माणूस निघून जातो. असे बारा दिवस, आणि कशासाठी? रिबिनीसाठी. मी तो पाय काखेत मारला आणि पायऱ्या उतरले. लंगडत, माझ्या पायाने. गवंड्याच्या हातात दिला. “घाला,” म्हटलं. “इथेच घाला, आणि फोटो काढू देऊ नका.”

त्याने कुणाकडे बघितलं नाही. पाय चढवला, पट्टा आवळला, उभा राहिला. मांडीवरच्या कुबड्या खाली पडल्या, त्या उचलायला कुणी वाकलं नाही. मग तो माझ्या सायकलीकडे बघून म्हणाला, “ते पेडलला काय शिवलंय?”

मी वळून सेक्रेटरींकडे बघितलं. ते खिशातला कागद परत आत सारत होते, नीट, कोपरा दुमडू न देता.

आता चार महिने झाले. सही झालेली नाही. कारागीर म्हणतो, “सॉकेट ओतायला मी तयार आहे, पण कागद लागतो.” मी आता सहा मोजे घालते. सातवा बसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी कालव्यावर जाते, आणि गवंडी त्याच्या पेडलला मी शिवून दिलेली टोपी लावून मागे असतो. अजून कडेच्या गवतात पडतो, पण स्वतःच उठतो.

काल सेक्रेटरींचा माणूस, या वेळी कितीतरी आधीच, पुढच्या फेरीच्या नंबरांची ऑर्डर घेऊन आला. “तीनशेच,” त्याने बजावलं. “साहेबांनी सांगितलंय, मोजून घेणार आहेत.”

“घेऊ देत की मोजून,” मी म्हटलं आणि कापड पसरलं.

तो गेल्यावर वन्संनी माझ्या हातातला तुकडा ओढून बघितला. “अगं, तीनशे आधी शिवायचे सोडून हा तीनशे दोन काय घेऊन बसलीस? आणि तीनशे एक कुठाय?”

“तो धुऊन ठेवलाय,” म्हटलं. “जुनाच चालेल मला.”

वन्संनी पिवळ्या कापडातून अजून एक तुकडा कापला, मुडप घातली आणि माझ्यासमोर ठेवला. “यावर तीनशे तीन काढ,” म्हणाल्या. “टेम्पोत बसून कंबर धरते माझी.”