खात नसल्यास कारण

त्या शेडमध्ये बासष्ट बायका कोळंबी सोलत, आणि कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवायचा तर त्यांतल्या एकीनेही जन्मात मासा तोंडात घातलेला नव्हता. आठ-आठ तास हातात कोळंबी, नखांत कोळंबी, केसांत कोळंबी, आणि पोटात मात्र नाही. कागद तसं म्हणत होता, आणि तो कागद मुनीमने भरला होता.

मुनीम म्हणजे बाईच. सोललेल्या टोपल्या काट्यावर तोलायच्या आणि कुणाची किती भरली ते वहीत मांडायचं हे तिचं काम, म्हणून हे नाव पडलं. बाकीच्यांची बोटं बर्फात राहून अशी बधिर होत की भोंगा झाल्यावरही तासभर पेन धरवत नसे. हिचे हात कोरडे. शिवाय दुसऱ्याच्या घरात डोकावून मोजणी करायची खोड जुनी. कुणाच्या घरी आठवड्यातून किती वेळा कोळंबी शिजते, हे तिला त्या घरच्या माणसांपेक्षा पक्कं ठाऊक. रेडिओकडे (तोंडाला विश्रांती नाही म्हणून रेडिओ) पाच दिवस. चष्मेवालीकडे तीन, नवरा पथ्यावर आहे म्हणायची, पण कढई पथ्यावर नव्हती. आणि मुनीमच्या स्वतःच्या घरी, जिथे सासू आणि याच शेडमध्ये कामाला असलेली धाकटी जाऊ राहत, चार दिवस बिनचूक.

माल सगळ्यांचा एकाच दुकानचा. सोलताना जी कोळंबी तुटते ती परदेशी जाणाऱ्या खोक्यात चालत नाही. हा तुकडा खताच्या गाडीत टाकायचा, असा नियम. तो जेवणाच्या डब्यात, नाहीतर गमबुटात घालून घरी न्यायचा, अशी रीत. मुकादमाला दोन्ही माहीत होतं, म्हणून सुटीच्या वेळी तो आभाळाकडे बघत उभा राही.

पण कागद आला त्याच्या पंधरा दिवस आधी फाटकावर नवा पहारेकरी आला, आणि त्याने एकीचा डबा उघडला. पाव किलो तुकडा, वर भाताचं पांघरूण. ती दुसऱ्या दिवशी कामावर नव्हती. तिची जागा दुपारपर्यंत भरली.

अशा दिवसांत कंपनीच्या डॉक्टरबाई आल्या, कागदांचा गठ्ठा ठेवून गेल्या. मुकादम म्हणाला, "तब्येतीचं आहे. भरा आणि सही करा. सोमवारी परत द्यायचेत."

मुनीमने जेवणाच्या सुटीत पहिलाच प्रश्न मोठ्याने वाचला. "मासे, कोळंबी, खेकडे इत्यादी किती वेळा खाता? रोज. आठवड्यातून. महिन्यातून. कधीच नाही."

बाकावरचं चघळणं थांबलं.

"तब्येतीचं म्हणे," रेडिओ म्हणाली. "चोराला विचारतात, बाबा रे, रोज चोरतोस की आठवड्यातून?"

"आमच्या पगारात बाजारची कोळंबी परवडत नाही हे त्यांना ठाऊक आहे," चष्मेवाली म्हणाली. "खाते म्हटलं की पुढचा प्रश्न, आणली कुठून."

मुनीमने पान उलटलं. पुढचा प्रश्न तो नव्हता. पुढचा होता, 'खात नसल्यास कारण.' आणि खाली चार रिकाम्या ओळी.

"हे बघा," ती म्हणाली, "सगळ्याजणी 'कधीच नाही'. पण कारण सगळ्यांचं एकच पडलं तर लहान पोरालाही कळेल. कारणं मी वाटून देते. मिळेल ते घ्यायचं, नाक मुरडायचं नाही."

आणि तिने खरोखर कारणं वाटली. पंधराजणींना वास सोसत नव्हता. बाराजणींच्या घशात कधीतरी काटा अडकला होता. नऊजणींना डॉक्टरने मना केलं होतं. कुठल्या डॉक्टरने, ते विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. उरलेल्यांना उपास, नवस, माळ असं काहीबाही. चष्मेवालीला 'नवऱ्याचं पथ्य' मिळालं. रेडिओ म्हणाली, "माझं लिही, आवडत नाही."

"तुझ्या तोंडाकडे बघून कुणी ते मानेल का? काटा घे."

"काटा बाराजणींना झालाय."

"मग तेरावी हो. तुझा घसा मोठा आहे."

शेवटी राहिली धाकटी. ती बाकाच्या टोकाला, उघड्या दाराच्या तोंडाशी बसली होती, कारण आत तिला दम पुरत नसे. ती शिजवणीच्या कढयांपाशी होती. कढईचं झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर. दीड वर्षापूर्वी खोकला सुरू झाला, मग धाप, मग ओठ सुजायला लागले. रविवारी बरं वाटायचं, सोमवारी दुपारपासून परत पहिले पाढे. आता आठ महिने तिने घरीही कोळंबी सोडली होती. ही तीच धाकटी, जी लग्न होऊन आली तेव्हा सासूशी पैज लावून कोळंबीची डोकी चोखायची आणि जिंकायची.

तिचं एकच मागणं होतं. खोके बांधायच्या खात्यात बदली. तिथे पुठ्ठा, चिकटपट्टी आणि खिडक्या. मुकादम दर वेळी म्हणे, "डॉक्टरचा कागद आण, मग बघू."

"तुला मी सगळ्यात चांगलं कारण ठेवलंय," मुनीम म्हणाली. "अंगाला सोसत नाही, खाल्लं की धाप लागते. खोटंही नाही. डॉक्टरबाई वाचतील आणि बदली करतील."

"लिहा," धाकटी म्हणाली. "तुमचं अक्षर बघून तरी त्यांना दया येईल."

मुनीमने लिहिलं, आणि मग पेन थांबलं. हिशोबी डोकं ते. 'सोसत नाही' म्हटलं की कुणीही विचारणार, कधीपासून? दीड वर्षापासून म्हणावं, तर त्याआधी खात होती. खात होती तर आणली कुठून? फट राहत होती. ती बुजवायला तिने एक शब्द वाढवला. 'लहानपणापासून.'

त्या एका शब्दावर ती मनातून खूश होती. घरी सासूलाही तिने तो वाचून दाखवल्यासारखा सांगितला. सासू तुकड्यांची वाटी हिरड्यांनी संपवत होती. म्हणाली, "ही लहानपणी काय खात होती ते तुला काय ठाऊक?"

"कंपनीला तरी कुठे ठाऊक आहे?"

धाकटी खिडकीत बसून हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

महिना गेला. मग एका मंगळवारी बातमी आली की शेजारच्या शेडमधल्या भोळीची खोके बांधायच्या खात्यात बदली झाली, पगार तोच. भोळी म्हणजे जिच्याकडे दोनाचे सुटे मागितले तर चार देईल अशी बाई. तिलाही धाप लागायची. तिने स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'रोज खाते. आधी काही होत नव्हतं. इथे लागल्यापासून होतं.' आणली कुठून, हे तिला कुणीच विचारलं नाही.

त्याच दिवशी धाकटीला कचेरीत बोलावलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरा लिफाफा होता. तो तिने मुनीमच्या काट्यावर, टोपलीच्या जागी ठेवला. काटा जागचा हलला नाही.

मुनीमने कागद वाचला. दोनदा वाचला. आजार कामामुळे झालेला नाही, लहानपणापासूनचा आहे, असं संबंधित स्त्रीने स्वतः लिहून दिलं आहे. नोकरीला लागताना तिने तो सांगितला नव्हता. या कामास अपात्र. आजपासून कमी करण्यात येत आहे.

"ताई," धाकटी म्हणाली, "तोलायचं झालं असलं तर घरी जाऊ?"

मुनीम त्या दिवशी पहिल्यांदा काटा सोडून उठली. डॉक्टरबाई फाटकाजवळच्या खोलीत होत्या. समोर कागदांचे गठ्ठे, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, भिंतीवर फुप्फुसांचं चित्र.

"तो कागद मी भरलाय," मुनीम म्हणाली. "'लहानपणापासून' हे माझं. ती पाच वर्षं खात होती, चांगली आठवड्यातून चारदा, आणि काही होत नव्हतं. वाफेने झालंय सगळं."

डॉक्टरबाई तरुणच होत्या, पण डोळ्यांखाली काळं होतं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बासष्ट कागद आणि एकच अक्षर. बाराजणींच्या घशात काटा, तेरावीच्याही. इतके काटे मी दवाखान्यात पाहिले नाहीत."

"मग?"

"मी वर कळवते ते कागदावरून. मनातलं कळवता येत नाही." त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढून पुढे सरकवला. "हा नवा भरा. खरा. पण बाई, एक सांगते. एक कागद खोटा होता असं लिहून आलं की साहेब बासष्टही परत मागवणार. आणि का खोटं लिहिलं, तेही विचारणार. त्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?"

मुनीमकडे उत्तर होतं. ते रोज सुटीला बासष्ट डब्यांतून बाहेर जात होतं.

ती कोरा फॉर्म घेऊन शेडमध्ये आली. बायकांना सगळं आधीच कळलं होतं. रेडिओ असताना भिंतींना कान लागत नाहीत. कुणी मान वर केली नाही. नुसता डोकी तोडण्याचा आवाज, कट्‌ कट्‌ कट्‌.

"बोला की," मुनीम म्हणाली.

टोपली पुढे सरकवत चष्मेवाली म्हणाली, "माझा नवरा तीन वर्षं घरी बसून आहे. मी काय बोलू?"

"ती आमची कुणी नाही असं नाही," रेडिओ म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान होता. "पण एकीसाठी एकसष्ट? मुनीमबाई, मांडणी तुम्हीच करा. आम्हाला कुठे येते."

त्यात टोमणा होता की विनवणी, ते मुनीमला कळलं नाही. तिने मांडणी केली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. एका बाजूला धाकटीचा दम. दुसऱ्या बाजूला एकसष्ट चुली. आणि त्या एकसष्टांत एक तिची स्वतःची, म्हणजे सासूची, म्हणजे परत धाकटीचीच. दोघींचे नवरे एकाच बोटीवर, सहा महिन्यांनी दिसणारे आणि आठवडाभरात पाहुण्यासारखे निघून जाणारे. मुनीम कामावरून गेली तर धाकटीच्या औषधाची बाटलीही गेली. कसंही उलटसुलट केलं तरी बेरीज तीच येत होती.

संध्याकाळी तिने कोरा फॉर्म धाकटीपुढे ठेवला. "तू म्हणशील तसं. भर म्हणालीस तर भरते. मग जे होईल ते होईल."

धाकटीने तो बघितलाही नाही. "हिशोब तुम्ही केलाय ना?"

"केलाय."

"मग बरोबरच असणार," ती म्हणाली. तिने फॉर्मची घडी घातली आणि हलणाऱ्या खिडकीच्या फटीत खोचली. खिडकी हलायची थांबली.

मुनीमने दुसरीकडे काम शोधून पाहिलं. बटणांच्या कारखान्यात वय जास्त म्हणाले, शिवणाच्या दुकानात नजर कमी म्हणाले. त्या वस्तीत उरलेल्या प्रत्येक दारातून मासळीचाच वास येत होता. ती काट्यावर परत बसली.

धाकटी घरी राहिली म्हणजे बरी होईल, असं वाटलं होतं. झाली नाही. उलट दम आता इतका हळवा झाला की तव्यावर तुकडे पडले, नुसती वाफ सुटली, की तिचे ओठ निळे पडायचे. घरात कोळंबी शिजायची बंद झाली. सासूने आठ दिवस तोंड फुगवलं, शेजारणीकडे जाऊन खाऊन आली, आणि दारात पाऊल टाकलं तशी धाकटीला अशी धाप लागली की म्हातारी तिथेच भिंतीला टेकून बसली. त्यानंतर तीही सोडून बसली. "माझे दात गेले तेव्हा सुटलं नाही," ती म्हणाली, "ते हिच्यापायी सुटलं." पण हे ती धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

मुनीम तुकडा आणत नव्हती. डबा रिकामा, बूट रिकामे. पण वास तिच्याबरोबर येत होता, कपड्यांतून, केसांतून. मग ती जिन्याखालच्या नळावर अंघोळ करायला लागली, साबण दोनदा, कपडे बदलून, जुने पिशवीत गाठ मारून. जेवण जिन्यात. गप्पा दाराच्या फटीतून. कधी धाकटी आतून विचारायची, "आज कुणाची टोपली जास्त भरली?" आणि मुनीम पायरीवर बसून आकडे सांगायची.

वर्षाने डॉक्टरबाईंचे कागद परत आले. तेच प्रश्न. मुनीमने एकसष्ट फॉर्म पुढे ओढले. धाकटीच्या जागी आलेली नवी मुलगी वासावर भागवली, म्हणजे वासवाल्या आता सोळा. शेवटी स्वतःचा घेतला. किती वेळा खाता? 'कधीच नाही' वर तिने खूण केली. गेल्या वर्षीचीच खूण, त्याच जागी. फक्त आता ती खरी होती. खालच्या चार ओळींपाशी पेन बराच वेळ थांबलं.

"काय झालं?" रेडिओने विचारलं. "तुमचं गेल्या वर्षी काय होतं?"

"वास."

"मग तेच लिहा. कशाला बदलता?"

मुनीमने तेच लिहिलं.

संध्याकाळी ती नळाखाली बसली. साबण दोनदा, आज तीनदा. धुतलेलं लुगडं नेसून, केस पिळून ती जिना चढायला लागली. पहिला मजला शांत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आली तेव्हा वरून, बंद दाराआडून खोकला सुरू झाला, आधी कोरडा, मग लागोपाठ.

आणि त्याच्या पाठोपाठ सासूचा आवाज. "अगं, खिडकी उघडून बस. थोरली आली."