इंजिन मागेल तेव्हा

"चोर म्हणायचं तर सरळ तोंडावर म्हण ना, ब्रिओनी! आडून-आडून कशाला?"

क्लेम डूलीनं हेल्मेट शेडच्या बाकड्यावर आदळलं. पेट्रोलच्या पिंपाजवळ उभी असलेली ब्रिओनी एक पाऊल मागे सरली. मिरुला फार्मवर मॅनेजर होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. क्लेम या कुरणांत एकतीस वर्षं मोटरसायकल फिरवत होता. रोज सकाळी निघायचं, सातही बोअर बघायचे. पंप चालू आहेत का, हौद भरलेत का, पाण्यात कांगारू मरून पडलाय का. एखादा पंप बंद पडला आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही, तर शेकडो गुरं तहानेनं मरायची.

"मी चोर म्हटलेलं नाही," ब्रिओनी म्हणाली. "जे पिंप महिनाभर पुरायचं, ते आता अठरा दिवसांत संपतं. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच. मग पेट्रोल जातं कुठं, एवढंच विचारतेय."

"म्हणजे चोरच की!"

तिनं शेडच्या भिंतीवर कागद चिकटवला होता: इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे व्हायच्या आत वरचा गिअर टाका, पेट्रोल वाचवा. त्या कागदाकडे नुसतं बघितलं तरी क्लेमचं डोकं फिरायचं. अहो, या गाडीला फेरे दाखवणारा काटाच नाही! आणि गिअर कधी टाकायचा हे क्लेमला शिकवणार कोण, तर ही? इथं आलेल्या प्रत्येक गड्याला त्यानंच तर शिकवलं होतं. काटे-बिटे सोडा लेको, कान द्या. इंजिन ओरडायच्या आधी वर टाका, धापा टाकायला लागलं की खाली आणा. सपाटीवर फाटक येईपर्यंत गाडी चौथ्यात पाहिजे. त्याच्याइतकं कमी पेट्रोल जाळणारा माणूस आसपासच्या दहा फार्मांवर नव्हता.

"मोजूनच टाकू," तो म्हणाला. "टाकी रिकामी कर, लिटरभर ओत. दोन नंबरच्या बोअरला जाऊन येतो. अर्ध्याहून जास्त जळलं तर आजच सामान बांधतो. नाही जळलं तर चोर म्हणालीस ते मागे घ्यायचंस."

क्लेमची बायको नोलीन फार्मवरच्या सगळ्यांचा स्वयंपाक बघायची. ती हात पुसत बाहेर आली. "जाऊ दे ना, क्लेम. चहा गार होतोय."

"चहा गेला खड्ड्यात!"

तो निघाला. लाल चाकोरीवरून गाडी पळवताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एकतीस वर्षं! उन्हातान्हात, पाठीचा खुळखुळा होईपर्यंत. फार्मचा एक खिळासुद्धा कधी घरी नेला नाही, आणि कालची पोर येऊन विचारते, पेट्रोल कुठं गेलं? बोअरच्या पंपाला हात लावून तो तसाच वळला आणि धुरळा उडवत परत शेडपाशी येऊन थांबला. गाडी स्टँडवर लावून तो उतरला.

"मोज!"

ब्रिओनीनं पेट्रोल मोजायच्या बाटलीला हात लावला नाही. ती नोलीनकडे बघत होती.

"फाटकापाशी कुठल्या गिअरात होतास?" तिनं विचारलं.

"चौथ्या."

"दुसऱ्या. जाताना आणि येतानाही. इथपर्यंत किंचाळणं ऐकू येत होतं."

"मला गिअर शिकवू नकोस! इंजिननं मागितलं की टाकतो मी."

"कधीचं मागतंय ते, क्लेम," नोलीन त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "तुला ऐकू येत नाही रे."

"माझे कान ठणठणीत आहेत!"

"मी पाठीमागून हाक मारली की तू वळतोस का?"

"तुला ठाऊक होतं?"

"वर्ष झालं."

"आणि ही मला चोर ठरवत होती तेव्हा मूग गिळून बसलीस!"

"काय सांगू? बहिरा म्हटलं तर गाडी काढून घेतील, तुला एकट्याला कुरणात कोण सोडेल? चोर म्हटलं तर निदान भांडता तरी येतं. तुला भांडता येतं, क्लेम."

"वा! उपकारच केलेस की!" त्याचा आवाज चिरकला. "तुम्ही दोघी, ते सगळे गडी! माझ्या पाठीमागं हसला असाल!"

"कुणी हसलं नाही," ब्रिओनी म्हणाली.

तो पाय आपटत घराच्या पायऱ्या चढला आणि आणखी चार शिव्या हासडायला मागे वळला. नोलीन गाडीपाशी गेली होती. तिनं वाकून किल्ली फिरवली. गाडीचा आरसा थरथरत होता, तो थांबला.

म्हणजे गाडी चालूच होती. तीन पावलांवर उभं राहून तो कान ठणठणीत असल्याचं ओरडून सांगत होता, तेव्हाही चालूच होती.

कठड्याला धरून तो खाली उतरला, नोलीनच्या हातातून किल्ली घेतली आणि ब्रिओनीच्या तळहातावर ठेवली.

"मी पेट्रोल चोरलं नाही."

ब्रिओनीनं मान खाली घातली. तिचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल," क्लेम म्हणाला. "मला ऐकू आलं नाही."

ब्रिओनीनं मान वर केली. "तू चोर नाहीस, क्लेम!" ती ओरडली. "माझं चुकलं!"

शेडमागच्या कुत्र्यांनी तोंडं वर केली. भुंकत असावीत.