पांढऱ्या अस्वलाला न भेटलेला डावा बूट

मी डावा बोलतोय. डावा गमबूट. गुडघ्याइतका उंच, रंगाने हिरवा, आणि तळव्याला एक भोक. भोकाचं नंतर सांगतो. सुरुवातीलाच रडगाणं गायलं तर तुम्ही उठून जाल.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझी चमक बघून कारखान्यातली यंत्रंसुद्धा क्षणभर थांबली. वीज गेली होती, असं उजवा म्हणतो. उजवा म्हणजे माझा जुळा भाऊ. त्याला माझं चांगलं कधी बघवलंच नाही.

आम्हाला घेतलं बाईंनी. बाई दवाखान्यात परिचारिका. दिवसभर उभं राहून पाय असे पसरलेले की चपलांच्या दुकानात शिरल्या की दुकानदार आधी सुस्कारा सोडायचा.

"ताई, हा पाय नाही, होडी आहे."

"मग होडीच्या मापाचं द्या. बडबड नको."

त्या मापाचे बूट खास मागवावे लागले. कारखाना एकच जोडी पाठवेना, म्हणून दुकानदाराने दोन मागवल्या. एक आम्ही, बाईंच्या घरी आलो. दुसरी दुकानातच राहिली. त्या दुसऱ्या जोडीला विसरू नका. पुढे तिनेच माझा घात केला.

आता गमबूट कशाला, तर अस्वल बघायला. फार लांब, समुद्राच्या काठाला लागून एक थंड, कायम भिजलेलं जंगल आहे. तिथे रस्ता जात नाही, होडीनेच जावं लागतं. होडी काठाला लागत नाही, त्यामुळे शेवटचा पल्ला गुडघाभर गार पाण्यातून चालायचा. मासे नदीत उलटे चढू लागले की त्यांच्यामागे अस्वलं उतरतात. सगळी काळी. पण त्या काळ्यांच्याच पोटी क्वचित एखादं पांढरं जन्माला येतं. ते पांढरं बाईंना बघायचं होतं. आयुष्यात दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि मालक, म्हणजे बाईंचे यजमान? त्यांचं केस कापायचं दुकान. वर घर, खाली दुकान. हातात कात्री आली की त्यांची जीभ सुटायची. या सहलीच्या गप्पा तर इतक्या रंगवायचे की गिऱ्हाईक केस कापून झाले तरी खुर्ची सोडत नसे.

"तिथे झाडांनाही दाढ्या असतात," ते सांगायचे. "हिरव्या, हातभर लांब. शेवाळं लोंबतं नुसतं."

"मग कात्री घेऊनच जा मालक," शेजारचा बेकरीवाला म्हणायचा. "जन्माचं काम मिळेल. फक्त अस्वलाची मान धरून 'जरा खाली' म्हणू नका."

आरशाशेजारी नकाशा लावलेला, त्याच्याखाली भरती-ओहोटीचं वेळापत्रक. मालक कंगव्याने दाखवायचे: इथे होडी पकडायची, इथे वळसा, इथे दबा धरून बसायचं. ऐकता ऐकता मी मनातल्या मनात त्या नदीत किती वेळा उतरलो असेन! पांढरं अस्वल माझ्यापासून वितीवर येऊन मला हुंगून जायचं. उजव्याला नाही, मला.

घरी तालमी चालत. बाई न्हाणीघरातल्या टबात गार पाणी भरून आम्हाला घालून उभ्या राहायच्या, तोल जातो का बघायला. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत गप्प बसायची तालीम असे, कारण जंगलात तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा तिथे घेऊन जाणाऱ्या होडीवालीचा नियम. बाई दगडासारख्या बसायच्या. मालक पाचव्या मिनिटाला म्हणायचे, "मी बोललो का गं काही?"

असा सगळा उत्साह. पण निघायची वेळ आली की मालकांचं घोडं कुठेतरी अडायचंच. एका वर्षी हवा वाईट. पुढच्या वर्षी दुकानाला रंग. मग कंबर. "पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणायचे, आणि बाई दवाखान्यात जाऊन मिळालेली रजा परत करून यायच्या. मी माळ्यावर जायचो. मला राग नव्हता हो. मालकांवर माझा विश्वास होता.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. मालकांनी स्वतःसाठी रेनकोट घेतला, लोकरीची टोपी घेतली, जाड मोजे घेतले. बूट मात्र कधीच घेतले नाहीत. "घेऊ गं शेवटी," म्हणायचे. ज्याला पाण्यात उतरायचं आहे तो असं म्हणतो का?

या वर्षी बाईंनी न विचारता सगळं उरकलं. भर दुकानात येऊन म्हणाल्या, "अहो, होडीत दोन जागा पक्क्या केल्या. पुढच्या आठवड्यात निघायचं."

मालकांच्या हातातली कात्री हवेतच राहिली. बेकरीवाला खुर्चीतून ओरडला, "मालक, आता सुटका नाही!" सगळे हसले. मालकही हसले, पण फक्त दातांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद होतं, बाई कामावर होत्या. मालकांनी मला माळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं, फडक्याने पुसलं. मला वाटलं, लाड चाललेत. प्रवासाआधी तेलपाणी करतात तसं. मी पाय सैल सोडला. मग त्यांनी मला उलटं केलं आणि वस्तरा काढला.

केसाने गळा कापतात, असं ऐकून होतो. वस्तऱ्याने तळवा कापतात हे त्या दिवशी कळलं. आणि सांगायला लाज वाटते, पण हात इतका सफाईदार की दुखलंसुद्धा नाही. दुखलं ते नंतर.

संध्याकाळी टबात शेवटची तालीम झाली.

"अहो, डाव्यात पाणी शिरतंय."

"उंदीर असणार," आतून आवाज आला. "आता या मापाचे बूट कुठे मिळायचे? जाऊ दे, पुढच्या वर्षी..."

बाईंनी मला पुसलं आणि खिडकीपाशी नेऊन उलटं केलं. रोज दवाखान्यात जखमा धुणारी बाई ती. चावलेलं कुठलं आणि कापलेलं कुठलं, हे तिला कुणी शिकवायचं? सकाळी मला काखेत मारून खाली दुकानात आल्या आणि पावडरच्या डब्याशेजारी मला आडवं ठेवलं.

"भाऊजी," बेकरीवाल्याला म्हणाल्या, "बघा बरं, हे उंदराचं काम आहे?"

त्याने मला उचललं, डोळ्याजवळ नेलं. "वहिनी, आमच्या भट्टीत उंदीर पुष्कळ. पण दाढीचं सामान घेऊन फिरणारा एकही नाही."

तो स्वतःच हसला आणि मग मालकांचा चेहरा बघून एकदम थांबला.

"का?" बाईंनी विचारलं. एवढंच.

मालक कंगवा पुसत राहिले. "होडी लहान असते गं. मला पाण्याची भीती वाटते."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"मग सांगायचं होतं. मी एकटी गेले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं."

दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जंगलात चालली असती.

बाई तडक चपलांच्या दुकानात गेल्या. आठवते ना ती दुसरी जोडी? तिच्यातला उजवा इतकी वर्षं काचेत मांडून ठेवलेला. उन्हाने त्याला तडे गेले होते. डावा मात्र खोक्यात कोरा करकरीत. दुकानदाराने तो सुटा देऊन टाकला.

म्हणजे माझा भाऊ गेला, एका उपऱ्या डाव्याला सोबत घेऊन. माझ्या शेजारून पिशवीत शिरताना त्याने वळूनही बघितलं नाही. मालकांनी कापलं ते एक वेळ समजू शकतो; परक्याचा हात तो. पण एकाच रबराच्या चिकातून निघालेला?

बाई परतल्या त्या रापलेल्या, खाऱ्या वासाच्या. बेकरीवाला तयारच होता. "वहिनी, दिसलं का पांढरं?"

"तिथे गप्प बसायचं असतं, भाऊजी."

"पण आता तर इथे आहात!"

"सवय लागली."

मालकांनाही त्यांनी काही सांगितलं नाही. जेवण वाढतात, हसतात, दुखणाऱ्या कंबरेला शेक देतात. जंगलाचा विषय निघाला की गॅलरीतल्यासारख्या बसतात. मालकांच्या गप्पा आटल्या. आता गिऱ्हाइकांशी हवेबद्दल बोलतात. परवा दुकान रिकामं असताना त्यांनी उजव्याचा तळवा उलटा करून कंगव्याच्या टोकाने खाचा उकरल्या. सुईसारखं एक वाळकं पान निघालं. ते त्यांनी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. कुणी विचारलं तर म्हणतात, "काही नाही, कचरा."

आणि मी? मी दुकानाच्या दारात उभा आहे. माती भरून बाईंनी माझ्यात नेचा लावलाय. कुंडीला भोक लागतंच, ते आयतंच होतं. उजवा आत कपाटात असतो. मी त्याच्याशी बोलत नाही.

पाणी घालताना बाई वाकतात, पानं बाजूला करतात आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून कुजबुजतात. रोज थोडं थोडं. पांढरं दिसलं की नाही, दिसलं तर काय करत होतं, सगळं मला ठाऊक आहे. मालकही दुपारी येऊन बसतात शेजारी. "डाव्या, काय म्हणाली रे ती?" माझं तोंड जन्मापासून उघडं, पण त्यांच्यासाठी ते बंद.

तुम्हाला एवढंच सांगतो: भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा. बुटाला भोक पाडू नका.

अस्वलाचंही सांगितलं असतं हो. पण तुम्हीसुद्धा कधीतरी मालकांकडे केस कापायला जाणारच.