मडकं उघडायची घाई

लतिकाबाईंनी तिसऱ्या वहीतल्या 'तात्पर्य'वरही लाल काट मारली आणि पेन टेबलावर आपटलं.

"अरे, सातवीत आहात ना रे? सगळीकडे लाकूडतोडे, कोल्हे आणि आळशी राजपुत्र! आपल्या कासू गावात कुणी कधी राजपुत्र पाहिलाय?"

"निवडणुकीला येतात बाई," मागून नितेश म्हणाला.

वर्ग खदखदला. बाईंनाही हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. तालुक्याच्या कथास्पर्धेला शाळेची एकच गोष्ट जायची होती आणि ती आजच दुपारी. मुख्याध्यापक दिनानाथ सरांनी आधीच बजावलं होतं, "चांगली बोधप्रद पाठवा. जमत नसेल तर शनिवारचा तुमचा तो गोष्टीचा तास गणिताला देऊन टाका." पेणच्या रामवाडीतून रोज धावतपळत येणाऱ्या बाईंचा नेमका त्याच तासावर भारी जीव.

त्यांनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला.

"बरं, गोष्ट राहू दे. मला पोपटी कशी लावतात ते सांगा."

झालं! एरवी मूग गिळून बसणारी पोरंसुद्धा उठून उभी राहिली. मडक्यात आधी भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, अंडी, मीठ, ओवा. पाणी अजिबात नाय बाई! मग तोंडात पाला गच्च कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. झाली का बघायला वरून पाणी शिंपडायचं. चर्र झालं की समजायचं, झाली.

"पण तोंड कशाला कोंबता एवढं?"

"वाफ जाईल ना बाई! शेंगा कच्च्या राहतील."

"मग गोष्टीचं तोंड का उघडं टाकता? आळस करू नये, खोटं बोलू नये... सगळी वाफ बाहेर! आतलं आत शिजू द्या की जरा. आणि तुमच्या अंगणातलं लिहा. राजपुत्राचं त्याचा तो बघून घेईल."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मधली सुट्टी झाली तरी निम्मा वर्ग लिहीतच होता.

सुरभीने कागद आणून दिला तो दोन्ही हातांनी. बाईंनी उभ्याउभ्याच वाचायला घेतला. गोष्टीतली मुलगी शेतात पोपटी लावते. पप्पा रोह्याला कंपनीत आहेत, शिफ्ट संपली की येतो म्हणालेत. जाळ विझत येतो. चुलतभावंडं भुकेने कुरकुरतात. मुलगी पुन्हा पेंढा टाकते. आजोबा नुसते वाटेकडे पाठ करून बसतात. शेवटी आजी मडक्यावर पाणी शिंपडते. चर्र होतं. 'झाली गो, काढ आता,' आजी म्हणते. मुलगी म्हणते, 'नाय आजी. अजून कच्ची हाय.'

तिथेच गोष्ट संपली होती.

बाई खुर्चीत बसल्या. कासूहून रोहा काही परदेश नव्हे. तरी दिवाळीत आजोबांशी कडाक्याचं वाजलं, तेव्हापासून सुरभीचे वडील तिकडेच खोली घेऊन राहिले होते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण पोरीने रडगाणं लावलं नव्हतं, की कुणाला बोल लावला नव्हता. एवढीशी पोर, आणि काय हा शहाणपणा! बाईंना तिचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तेवढ्यात दिनानाथ सर शिक्का घेऊनच वर्गात आले. गोष्ट वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो, ही अर्धीच आहे. बाप आला का नाय ते कुठंय? आणि तात्पर्य?"

"सर, वाफ जाईल!" नितेश ओरडला, आणि सगळा वर्ग त्याच्यामागून तेच ओरडला.

सर चपापले. त्यांना वाफेचं काही कळलं नाही, पण शेवट कळल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी सुरभीला जवळ बोलावलं.

"काय गो, मला एकट्याला सांग. आले का शेवटी तुझे पप्पा?"

"आता कसं सांगू सर?" सुरभी म्हणाली. "पोपटी अजून लागलीय कुठं? येत्या रविवारी हाय."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग कागदावर शिक्का उठवला. दारापर्यंत गेले आणि तिथून वळून बाईंना म्हणाले, "शनिवारचा तास तुमच्याकडेच ठेवा."

वर्गात एकच गलका झाला. बाईंनी सुरभीच्या खांद्यावर हात ठेवला.

"रविवारी मी आले तर चालेल का गो तुमच्या पोपटीला?"

"या की बाई," सुरभी म्हणाली. "पण जरा थांबावं लागेल."